शुभावहिनीची दोन डोक्यांची पेटी

शुभावहिनी लग्न होऊन अकोल्याहून आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या सामानाच्या टेम्पोत दोन गाद्यांच्या मधे दोरीने आवळून बांधलेली एक काळी पेटी होती. पेटी म्हणजे ट्रंक नव्हे. गुडघ्याच्या वर येणारा, दोघांनी धरून उचलावा लागणारा कॉम्प्युटर. वहिनी नागपूरला ज्या कचेरीत कामाला होती, तिथल्या साहेबांनी नवी यंत्रं घेतली आणि हे जुनं तिला देऊन टाकलं. रुखवतात शेवया, कुरडया, विणलेली तोरणं यांच्या शेजारी त्याला अर्थातच जागा मिळाली नव्हती, पण तिच्या आईने निघताना त्याच्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं. टेम्पोवाला आणि दादा अशा दोघांनी मिळून ती पेटी जिन्यावरून वर आणली, तेव्हा अण्णा दारात उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पेटीकडे बघितलं, आणि रात्री ती चालू होऊन घरघरायला लागली तेव्हा म्हणाले, "पूर्वी सुना शिवणयंत्र आणायच्या. ते निदान शिवतानाच वाजायचं."

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी पोस्टात केली आणि निवृत्तीनंतर पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून धायरीत हा फ्लॅट घेतला. त्या काळी धायरी म्हटलं की पेठेतले नातेवाईक विचारायचे, "म्हणजे मुक्कामालाच यायचं का?" खिडकीतून समोर ज्वारीचं शेत, त्यापलीकडे म्हशींचा गोठा, आणि गोठ्यापलीकडे कुणाची तरी नवी इमारत, अर्धी झालेली, लोखंडी सळया वर काढून उभी. सकाळी म्हशींच्या घंटा, दुपारी काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राची घरघर. या दोन आवाजांत वहिनीने तिसरा आणला. पेटीतले पंखे. ती दिवसभर चालू असायची, आणि तिचा एकसुरी सूर इतका अंगवळणी पडला की वीज गेली की आम्ही सगळे एकदम मान वर करून एकमेकांकडे बघायचो. मागच्या बाजूने तिच्यातून गरम वारा यायचा. पहिल्याच थंडीत आईने त्याचा उपयोग शोधला. विरजणाचं भांडं ती रात्री पेटीच्या मागे ठेवायला लागली, आणि दही इतकं घट्ट लागायचं की शेजारच्या बायका विरजण मागायला यायच्या.

साध्या कॉम्प्युटरला एक प्रोसेसर असतो, म्हणजे विचार करणारा, आकडेमोड करणारा एक भाग. वहिनीच्या पेटीत असे दोन होते, आणि दोघं मिळून काम वाटून घ्यायचे. हे माझा मोठा भाऊ सुधीरदादा अण्णांना समजावून सांगत होता. "अण्णा, याला दोन डोकी आहेत असं समजा." अण्णा म्हणाले, "आपल्या घरात पाच आहेत. काम किती होतं ते बघतोच आहोत." तेव्हापासून घरात तिचं नाव दोन डोक्यांची पेटी असंच पडलं.

वहिनी आर्किटेक्ट लोकांसाठी चित्रं करायची. तिच्याकडे नकाशे यायचे, रेघारेघांचे, आणि त्यातून ती पडद्यावर अख्खी इमारत उभी करायची. भिंतींना रंग, खिडक्यांना काचा, खाली झाडं, झाडांच्या सावल्या. पुढे पुढे चित्रांऐवजी फेरफटका मागायला लागले लोक. म्हणजे फाटकातून आत शिरायचं, जिना चढायचा, दार उघडून फ्लॅटमधे जायचं, असं सगळं हलतं, सिनेमासारखं. ती इमारत अजून जमिनीवर कुठेच नसायची. त्या हलत्या चित्रातलं एकेक चित्र पेटी स्वतः रंगवत बसायची, आणि एका सेकंदाला अशी पंचवीस चित्रं लागायची. वहिनी काम लावून द्यायची आणि स्वयंपाकाला जायची. परत येऊन बघते तो पेटी अजून त्याच भिंतीवर ऊन पाडत बसलेली.

स्वयंपाकाची गंमत वेगळीच. आईच्या आमटीत गूळ आणि गोडा मसाला. वहिनी पहिल्या दिवशी जेवायला बसली, एक घोट घेतला आणि भाबडेपणाने म्हणाली, "आई, हे नंतर खायचं होतं का?" आईला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग ताटात आमटीही राहिली आणि शेजारी वहिनीचा ठेचाही आला. एका रविवारी तिने गोळाभात केला, डाळीचे गोळे भातात शिजवलेले आणि वरून कडकडीत तेल. अण्णांच्या नाकातून आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कसा झालाय अण्णा?" तिने विचारलं. "छान आहे. कानातून धूर येतोय, पण छान आहे," असं म्हणून त्यांनी ताट पुढे केलं. तिची बोली आमच्या घरात अशी रुळली की आईसुद्धा कधीकधी "काहून गं?" असं विचारायची आणि स्वतःच दचकायची.

लग्नाला वर्षही झालं नसेल, तेव्हा दादाच्या कंपनीने त्यांची टूलरूम बंद केली. दादा तिथे साचे करायचा. लोखंडाचा ठोकळा घेऊन त्याला केसाइतक्या अचूकपणे घासायचा, कोरायचा, त्यातच त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता साचे बाहेरून तयार येणार होते. कागदावर स्वेच्छानिवृत्ती असं लिहिलेलं होतं. अण्णांनी विचारलं, "स्वेच्छा कुणाची, ते कुठे लिहिलंय?" पण त्या दिवशी त्यांच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

दादा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचा तसाच उठत राहिला. दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि गॅलरीत खुर्चीवर जाऊन बसायचा. कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, हॉर्न वाजायचा, थांबायची आणि जायची. गॅलरीत जायचा रस्ता वहिनीच्या खुर्चीमागून होता. दिवसातून कितीतरी वेळा तो तिच्या पाठीमागून जायचा, पण पडद्याकडे कधी बघायचा नाही. घर आता त्या पेटीवर चालतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच ते कुणी बोलत नव्हतं. वहिनीनेही कधी बोलून दाखवलं नाही. ती उलट जास्तच हळू बोलायला लागली, आणि मला वाटतं दादाला त्याचाच जास्त त्रास होत होता. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं आपल्या आजूबाजूला बोललं जातंय, हे कुणाला आवडेल?

मी तेव्हा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. शिकत होते म्हणजे गणिताचे पेपर पुन्हा पुन्हा देत होते. प्रयोगशाळेत मात्र माझं बरं चालायचं. सोल्डरिंगची गन, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायचं हत्यार, हातात आलं की मी शांत होत असे, आणि माझे जोड बघून आमचे सर इतर मुलांना बोलवायचे. पण घरी त्याची किंमत कुणाला नव्हती. अण्णा नातेवाइकांना सांगायचे, "आमची नीलू डाग देण्यात पहिली येते. बाकी सगळ्यात डागच आहेत."

अशातच कामतसरांचं काम आलं. कामतसर म्हणजे वहिनीला सगळ्यात जास्त काम देणारे आर्किटेक्ट. त्यांच्या हातात एक मोठी वसाहत आली होती, आणि तिच्या बुकिंगच्या समारंभात भल्यामोठ्या पडद्यावर फेरफटका दाखवायचा होता. हे नीट झालं तर पुढचं सगळं काम वहिनीकडे येणार होतं. नाही झालं तर मुंबईची एक मंडळी तयारच होती. वहिनीने हिशेब मांडला. पेटी अखंड चालली तरी चित्रं पुरी व्हायच्या आत समारंभ होऊन जात होता. संध्याकाळभर ती नुसती पडद्याकडे बघत बसली. सकाळी मला म्हणाली, "नीलू, यातले दोन्ही प्रोसेसर काढू आणि नवे टाकू. हे ज्यावर बसतात तो बोर्ड त्याहून दुप्पट वेगाचे घेतो म्हणते, मी वाचलं. नवी पेटी आपल्याला झेपत नाही, पण एवढं होऊन जाईल न?" मी हो म्हटलं. तिने माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोललेलं मला इतकं आवडलं होतं की तिने विहिरीत उतरू म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

अडचण अशी होती की दोन्ही प्रोसेसर अगदी एकसारखे हवे होते. वेग तोच, जात तीच, कारखान्यातली आवृत्तीसुद्धा तीच. आम्ही दोघी बसने शहरात गेलो आणि तपकीर गल्लीत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणायचे, "मॅडम, एकच घ्या ना, दोन कशाला?" कुणी म्हणायचा, "थोडाफार फरक असला तरी चालतंय." वहिनी प्रत्येक तुकडा उलटा करून, खिडकीपाशी उजेडात नेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचायची आणि परत ठेवायची. "बाप्पा, जुळे पाहिजेत दादा, चुलत नाही चालत," असं तिने एकाला सांगितलं, तेव्हा तो हसला आणि त्यानेच आम्हाला एका माडीवरचं दुकान दाखवलं. तिथे एका बंद पडलेल्या कचेरीतून काढलेली जोडी होती, अक्षरन् अक्षर सारखी. बिस्किटाएवढे दोन चौकोनी तुकडे. वहिनीने ते रुमालात गुंडाळून पर्समधे ठेवले आणि बसमधे पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, काही गोड बातमी आहे का म्हणून.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही पेटी उघडली. जमिनीवर सुती चादर घातली, पेटी आडवी केली, झाकण काढलं. आत इतकी धूळ होती की आईने आपणहून रांगोळीचा ब्रश आणून दिला. दोन प्रोसेसर शेजारी शेजारी बसलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याला थंड ठेवणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा. जुने अलगद निघाले. नवे खाचेत बसले, त्यावर उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट लावली, आणि त्यांच्याबरोबरच आणलेले नवे ठोकळे ठेवले. जुन्यांपेक्षा हे जड होते, आणि त्यांना दाबून धरणारी पोलादी क्लिप इतकी कडक होती की ती खाली ओढून खाचेत अडकवायला स्क्रूड्रायव्हरने रेटावं लागायचं. पहिली वहिनीने आणि मी मिळून कशीबशी बसवली. दुसरी काही केल्या बसेना. वहिनीच्या बोटांना वळ उठले.

तेवढ्यात दादा गॅलरीतून आत आला. किती वेळ दारात उभा होता कोण जाणे. "दे इकडे," तो म्हणाला. वहिनीने लगेच स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाली. मला अजून तिचा चेहरा आठवतो. तिला क्लिप बसण्यापेक्षा तो स्वतःहून आला याचाच आनंद झाला होता. दादा गुडघ्यांवर बसला, क्लिपचं टोक पकडलं आणि जोर दिला. पोलादाशी आयुष्य काढलेला माणूस. त्याच्या जोराचं माप लोखंडाचं होतं. क्लिप खाली गेली, आणि त्याच क्षणी स्क्रूड्रायव्हर तिच्यावरून सटकला आणि बोर्डावर कर्रकन ओढला गेला.

हिरव्या बोर्डावर दुसऱ्या प्रोसेसरच्या कडेला नखाएवढा पांढरा ओरखडा उठला होता. दादाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. वहिनी म्हणाली, "हात पाहू." तो म्हणाला, "हाताला काही झालं नाही." ती पुन्हा म्हणाली, "अहो, हात दाखवा न." त्याने हात मागे घेतला, उठला, चपला घातल्या आणि खाली निघून गेला. जिन्यावरची त्याची पावलं ऐकत आम्ही दोघी तिथेच बसलो होतो.

पेटी चालू झाली, हे खरं तर नवलच. पण सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर प्रोसेसरची एकच ओळ आली. दुसरी यायची ती आलीच नाही. वहिनीने दोनतीनदा बंद करून चालू केली. दर वेळी एकच. नवा एक म्हणजे जुन्या दोघांएवढाच. म्हणजे आम्ही होतो तिथेच होतो. "सोमवारी सरांना फोन करते," ती म्हणाली. "आधी सांगितलेलं बरं न, ऐन वेळी तोंडघशी पाडण्यापेक्षा." मग ती स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला लागली, आणि इतका वेळ मळत राहिली की आईने शेवटी परात तिच्यापुढून काढून घेतली.

मी अण्णांचं भिंग आणलं. पोस्टाची तिकिटं बघायचं त्यांचं दांड्याचं भिंग होतं, त्याला ते कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. भिंगाखाली ओरखडा एखाद्या चरासारखा दिसला. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या रेघा शेजारी शेजारी चालल्या होत्या, आणि त्यांतल्या तीन तुटल्या होत्या. बाकी सगळं शाबूत होतं. मी बघत राहिले. हे जोडता येईल असं मला वाटलं, आणि ते वाटल्याबरोबर भीतीही वाटली. कॉलेजात मी जे जोडत असे ते याच्या पुढे दोरखंड होते. शेजारच्या दोन रेघांना थेंबभर कथील चिकटलं असतं, तर चालू असलेला एक प्रोसेसरही गेला असता, आणि त्याबरोबर हातातली बाकीची छोटी कामंही.

दिवेलागणीला दादा परत आला. कुठे गेला होता ते त्याने सांगितलं नाही. चपलांना शेतातली माती होती. आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं, तो हात न लावता बसून राहिला. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं. तीन रेघा तुटल्यात, जोडता येतील बहुतेक, पण चुकलं तर सगळंच जाईल. अण्णा म्हणाले, "बहुतेक म्हणजे किती?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्यांनी पुढे काही टोमणा मारला नाही. दादा म्हणाला, "नको. एकदा माझ्या हातून झालंय, आता तिच्या माथी नको." त्या घटनेबद्दल तो तेवढंच बोलला.

वहिनी माझ्याकडे बघत होती. "तुझा हात कापते का, असं करताना?"

"नाही," मी म्हटलं. "हात नाही कापत. नंतर कापतो."

"मग कर," ती म्हणाली. "उद्या सकाळी, उजेडात." आणि दादाकडे वळून, महिनोन्महिन्यांत पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात, जवळजवळ दरडावून म्हणाली, "आणि तुम्ही तिच्याजवळ बसान. पळून नका जाऊ."

आता माझे हात काम नसतानाही कापतात. चहाचा कप बशीत ठेवताना वाजतो, आणि नात हसते. पण ती सकाळ आठवली की मला आधी माझे ते हात आठवतात. गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं. बोर्ड बाहेर काढून पाटावर ठेवला होता. तार कुठून आणायची हा प्रश्न अण्णांनी सोडवला. त्यांचा जुना ट्रान्झिस्टर, ज्यावर ते इतकी वर्षं बातम्या ऐकत आले होते, तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हल्ली खरखरतोच. उघड." आतल्या गुंडाळीतून केसासारखी तार निघाली. माझ्या सोल्डरिंग गनचं टोक जाड होतं. दादाने ते बघितलं, आपल्या कपाटातून कानस आणली, आणि घासून घासून त्याला सुईसारखी अणी काढली. मग तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. एका हाताने बोर्ड, दुसऱ्या हाताने भिंग. त्याचा हात दगडासारखा स्थिर होता. अंगठ्याला पट्टी होती.

तुटलेल्या रेघेवरचं हिरवं आवरण ब्लेडने खरवडायचं, दोन्ही बाजूंनी, तांबं चमकेपर्यंत. तारेचा तुकडा ठेवायचा. टेकवायचं, मोजून श्वास रोखायचा, उचलायचं. पहिली रेघ झाली. दुसरीला तार हलली आणि मला वाटलं गेलं सगळं. दादा अगदी हळू म्हणाला, "थांब. घाई नाही. आपल्याला पाळी गाठायची नाहीये." मी मान वर केली. तो भिंगातूनच बघत होता. पुन्हा टेकवलं, बसली. तिसरी सगळ्यात सोपी गेली. आत वहिनी आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती, आणि मी "झालं" म्हटल्यावर तिने सूप खाली ठेवलं तरी लगेच मागे वळून बघितलं नाही.

सगळं परत बसवलं. या वेळी क्लिप दादानेच बसवली, स्क्रूड्रायव्हरखाली जाड पुठ्ठा धरून. वहिनीने बटण दाबलं. पंखे घरघरले. काळ्या पडद्यावर एक ओळ आली. मग क्षणभर काहीच नाही. मग तिच्याखाली दुसरी, हुबेहूब तशीच. वहिनी ओरडली नाही, तिने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. माझे हात तेव्हा कापायला लागले.

त्यानंतरचे दिवस आमचं घर त्या पेटीच्या तालावर चाललं. नवे प्रोसेसर फार तापायचे, म्हणून झाकण उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावला, आणि आम्ही सगळे उकडत बसलो. वीज गेली तरी पेटी थोडा वेळ तग धरावी म्हणून एक बॅटरी आणली होती, तिच्यावर ताण नको म्हणून मिक्सर बंद, इस्त्री बंद. आईने पलंगाखालचा पाटावरवंटा काढला आणि चटणी वाटता वाटता म्हणाली, "कॉम्प्युटर आला की बायकांचे कष्ट कमी होतात म्हणे." वीज गेली की दादा धावत जाऊन शेजारच्यांच्या जनरेटरची तार लावायचा. ते काम त्याने कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालायचा मात्र तो विसरायला लागला होता. कोपऱ्यावरची बस येऊन गेली तरी आम्हाला कळायचं नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. समारंभ झाला, फेरफटका लोकांना आवडला, कामतसरांचं काम वर्षानुवर्षं वहिनीकडे राहिलं. मी गणिताचे पेपर कसेबसे सोडवले आणि जन्मभर बोर्ड दुरुस्त करण्यातच पोट भरलं. पेटी आणखी काही वर्षं चालली आणि मग एका पावसाळ्यात गप्प झाली. माझे तीन जोड शेवटपर्यंत टिकले होते, तिचं दुसरंच काही बिघडलं होतं. दादा पुन्हा कुठल्या कारखान्यात गेला नाही. तो वहिनीच्या कामात कसा शिरला हे आता लोक विचारतात, तेव्हा ती दोघं वेगवेगळं सांगतात. मला मात्र तो दिवस ठाऊक आहे.

फेरफटका पुरा झाला होता. समारंभाला अजून दोनतीन दिवस होते. वहिनीने आम्हाला सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. फाटक उघडलं, गुलमोहराच्या सावल्या हलल्या, आम्ही जिना चढून वर गेलो. फ्लॅटचं दार आपोआप उघडलं आणि आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन पडलेलं दिसलं. आई म्हणाली, "अगं बाई, किती मोठा ओटा!" अण्णा म्हणाले, "सूनबाई, नसलेल्या घरात इतकं ऊन? आमच्या असलेल्या घरात पाठवा थोडं." वहिनी हसत होती. दादा नेहमीसारखा खुर्चीच्या मागे उभा होता, गॅलरीच्या वाटेवर, पण या वेळी तो बघत होता.

"ते दार परत दाखव," तो म्हणाला.

वहिनीने चित्र मागे नेलं. दार पुन्हा उघडलं.

"मूठ बिजागऱ्यांच्या बाजूला आहे," दादा म्हणाला. "असं दार उघडणारच नाही. ओढत बसावं लागेल जन्मभर."

आम्ही सगळ्यांनी पुढे वाकून बघितलं. खरंच होतं. कामतसरांनी बघितलं होतं, वहिनीने शंभर वेळा बघितलं होतं, कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. वहिनी आधी लाल झाली आणि मग इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतके दिवस तुम्ही मागून येऊन-जाऊन राहिले न," ती म्हणाली, "एवढं दिसते तुम्हाला, तर काहून नाही बोलले?"

"तू विचारलंस कुठे?"

मग तिने आपली खुर्ची डावीकडे सरकवली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून उजवीकडे ठेवलं, आणि म्हणाली, "आता विचारून राहिली. बसा. अजून कायकाय चुकलं आहे ते सांगा."

दादा स्टुलावर बसला. त्याने पडद्याकडे बोट केलं आणि कडी किती उंचीवर हवी ते सांगायला लागला. वहिनी विचारत होती, तो उत्तर देत होता, मधेच तो बोटांनी हवेत बिजागरी काढून दाखवत होता, ती नाही म्हणत होती, तो पुन्हा काढत होता. ताटं वाढून झाली होती. आईने हाक मारली, दोघांनाही ऐकू आली नाही. तिने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ती उठायला लागली, तेव्हा अण्णांनी तिचा हात धरला.

"अगं, राहू दे," ते म्हणाले. "दार बसवतायत ते."